हृदयरोगोपचारातील आर्थिक विषमता : एक दृष्टिक्षेप

हृदयरोग हा श्रीमंतांचा रोग होय, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' पाहणीने (प्रारंभ १९६७) तिला धक्का दिला. हृदयरोगाने होणारे मृत्यू वरिष्ठांपेक्षा कनिष्ठ श्रेणीतच अधिक आढळले.

भारतातील चित्र 'क्रिएट' नोंदणीने २००८ मध्ये 'द लॅन्सेट'मधून मांडले. ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत नोंदविलेल्या २०,४६८ रुग्णांमध्ये तीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या श्रीमंतांचे प्रमाण ५.५ टक्के, तर गरिबांचे ८.२ टक्के होते. अँजिओप्लास्टीसारखे उपचार १५.३ टक्के श्रीमंतांना मिळाले, गरिबांपैकी अवघ्या २ टक्क्यांना. रुग्णांची मूळ प्रकृती व जोखीमघटक विचारात घेऊनही मृत्यूंतील तफावत उरली; उपचारांतील फरक हिशेबात धरताच मात्र ती नाहीशी झाली. रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोहोचलेल्यांची तर या आकड्यांत गणतीच नाही.

महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्येच दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना आणली होती. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. परंतु कॅथ लॅब प्रामुख्याने शहरांतच एकवटल्या असून, दुर्गम तालुक्यातील रुग्णाचे पहिले मोलाचे तास प्रवासातच सरतात.