प्रा. गद्रे यांच्या संशोधनाविषयी तळटीप

१७. ‘गणेशखिंडीतले काम’ हा उल्लेख गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांनी केलेल्या संशोधनाचा आहे (भटनागर पुरस्कार, १९९३). रेणूभोवतीच्या प्रत्येक बिंदूला विद्युत विभव असतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोड्यांपाशी तो सर्वांत ऋण होतो, आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन नेमका तिथेच ओढला जातो. अणुकेंद्रके वगळता या विभवाला कुठेही स्थानिक कमाल मूल्य येऊ शकत नाही, हे गद्रे आणि राजीव पाठक यांनी १९९० मध्ये सिद्ध केले. सिद्धतेचा पाया म्हणजे पॉयसाँचे जुनेच समीकरण. इतक्या साध्या साधनातून निघालेला हा निष्कर्ष प्रस्तुत संपादकाला फार देखणा वाटतो.

वर्णपटाशी संबंध येतो तो पुढच्या कामात. अवरक्त व रामन वर्णपट रेणूच्या कंपनांतून येतात; ती कंपने कळायला ऊर्जेचे द्वितीय विकलज लागतात, आणि रेणू दुप्पट झाला की साध्या हार्ट्री-फॉक पद्धतीतही नुसत्या ऊर्जेचे गणित ढोबळमानाने १६ पट वाढते. गद्रे, शिरसाट आणि लिमये यांनी १९९४ मध्ये ‘मॉलेक्युलर टेलरिंग’ पद्धत मांडली: कापड बेतावे तसे रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे करायचे, प्रत्येकाचे गणित वेगळे करायचे, मग बेरीज करून सामाईक भाग वजा करायचा. सुरुवातीला ती विभवासारख्या गुणधर्मांपुरती होती. नंतर ऊर्जा आणि तिचे विकलज त्यात आले, आणि पाण्याच्या मोठ्या रेणुपुंजांचे अवरक्त व रामन वर्णपट साध्या संगणकांवरही काढता येऊ लागले.