अटकेची वही: अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीतील एका सार्वजनिक दस्तऐवजाचा इतिहास

अमेरिकेची संयुक्त संस्थाने तीन हजारांहून अधिक काउंट्यांमध्ये विभागलेली असून, राज्याच्या खालोखालचा हा प्रशासकीय घटक आपल्याकडील जिल्ह्याशी काहीसा मिळताजुळता असला, तरी त्याचा कारभार वरून नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे नसून बहुतांशी स्थानिक मतदारांनी निवडून दिलेल्या माणसांकडे असतो. या रचनेमुळे तेथील अटकेची नोंद बहुधा प्रथम काउंटीच्या दप्तरात जन्म घेते आणि ग्रामीण भागात ती शोधणाऱ्याला आजही काउंटीच्याच दारी जावे लागते. ही नोंद सुरुवातीला पैशांचा हिशेब होती, पुढे ती गुप्त अटकेला आळा घालणारे साधन ठरली आणि अखेरीस अटक झालेल्या माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटणारा डाग बनली. या तिन्ही अवस्था ध्यानात घेतल्याखेरीज नोंदीचा अर्थ नीट लागत नाही.

व्हर्जिनिया वसाहतीत 1634 साली इंग्लंडच्या धर्तीवर आठ परगणे, म्हणजेच आद्य काउंट्या, पाडण्यात आले आणि त्यांच्याबरोबर शेरीफ हे इंग्लंडमधील जुने पदही अटलांटिकपार आले. मुंबईच्या शेरीफचे, म्हणजेच नगरपालाचे, पद केवळ मानाचे असल्यामुळे मराठी वाचकाच्या मनात या शब्दाचे चित्र समारंभी असते. अमेरिकी शेरीफ मात्र समन्स बजावणारा, वॉरंटावरून माणूस पकडणारा, तुरुंग सांभाळणारा आणि अनेक ठिकाणी करवसुलीही करणारा अधिकारी होता. मेरीलँडच्या 1776 च्या राज्यघटनेने शेरीफ मतदारांकडून निवडला जावा असे ठरवले आणि एकोणिसाव्या शतकात बहुतेक राज्यांनी हीच पद्धत स्वीकारली.

या काळातील शेरीफला ठरावीक पगार क्वचितच मिळे. प्रत्येक अटकेमागे, प्रत्येक समन्सामागे आणि कैद्याच्या प्रत्येक दिवसाच्या जेवणामागे कायद्याने ठरवलेली रक्कम त्याला काउंटीच्या तिजोरीतून किंवा आरोपीकडून मिळत असे. अनेक ग्रामीण काउंट्यांत तुरुंग आणि शेरीफचे राहते घर एकाच इमारतीत असे आणि कैद्यांचा स्वयंपाक त्याच्या घरातील बायकांच्या हातचा असे. अशा व्यवस्थेत कोण केव्हा आत आला, कोणाच्या हुकमाने आला, किती दिवस राहिला आणि कसा सुटला, हे लिहून ठेवल्याशिवाय शेरीफचे येणे सिद्ध होत नसे. तुरुंगाच्या नोंदवहीतील रकाने या गरजेतून आखले गेले. नाव, वय, वर्ण, उंची आणि आरोप यांच्याबरोबर येण्याची व सुटण्याची तारीख त्यात असे. दुसरी वही न्यायालयाच्या लिपिकाकडे असे आणि त्या अटकेचे पुढे काय झाले, म्हणजे आरोप टिकला की फेटाळला गेला, दंड झाला की शिक्षा, हे तिच्यात उतरत असे. एकाच घटनेची ही दोन दप्तरे वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहिल्यामुळे, अटक सहज सापडावी आणि तिचा निकाल शोधावा लागावा, ही अडचण मुळापासूनच या व्यवस्थेत शिरली.

या हिशेबी वहीचे सर्वांत काळे पान दक्षिणेतील राज्यांत लिहिले गेले. गुलामगिरीच्या काळात पळून आलेल्या संशयित गुलामांना काउंटीच्या तुरुंगात डांबून शेरीफ त्यांच्या वर्णनाच्या जाहिराती वृत्तपत्रांत देत असत. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम लादण्याची वाट तिने मोकळी ठेवली. तिचा आधार घेऊन, रोजगाराचा पुरावा नसणे हाच गुन्हा ठरवणारे भटकेगिरीचे कायदे झाले आणि कैदी खाणींना व कारखान्यांना भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली. अलाबामातील शेल्बी काउंटीत 1908 च्या मार्च महिन्यात ग्रीन कॉटनहॅम या तरुण कृष्णवर्णीयाला भटकेगिरीच्या आरोपाखाली पकडण्यात आले. तीस दिवसांची शिक्षा, शेरीफ व न्यायालय यांचे शुल्क भरता न आल्यामुळे, जवळजवळ वर्षभराच्या श्रमात बदलली. बर्मिंगहॅमजवळच्या कोळशाच्या खाणीत त्याला पाठवण्यात आले आणि काही महिन्यांतच तो मरण पावला. पत्रकार डग्लस ब्लॅकमन यांनी अशा माणसांचा इतिहास 2008 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला, तेव्हा त्यांच्या हाती असलेल्या साधनांत काउंट्यांच्या याच जुन्या वह्या होत्या. जी नोंद शुल्क उकळण्यासाठी केली गेली, तीच शंभर वर्षांनी अन्यायाची साक्ष ठरली, यावरून दप्तर जपण्याचे मोल कळते.

दप्तर जपणे मात्र सोपे नव्हते. लाकडी न्यायालये जळत आणि तळघरांत पाणी शिरे. यादवी युद्धात व्हर्जिनियातील कित्येक काउंट्यांनी आपली कागदपत्रे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंड येथे हलवली आणि एप्रिल 1865 मध्ये ते शहर जळाले तेव्हा ती तेथेच नष्ट झाली. ज्या काउंट्यांची दप्तरे अशी गेली, तेथील इतिहासकाराला शेजारच्या काउंटीच्या नोंदी आणि स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक यांवर भिस्त ठेवावी लागते.

नोंद असणे आणि ती कोणालाही पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडच्या 1679 च्या हेबियस कॉर्पस कायद्याने बंदीला न्यायाधीशापुढे हजर करण्याचा हक्क दृढ केला होता. परंतु माणूस कोठे अडकवून ठेवला आहे हेच जर नातलगांना कळले नाही, तर तो हक्क मागणार तरी कोण? म्हणून अटकेची वही उघडी असणे हा त्या हक्काचा व्यावहारिक पाया ठरतो. विस्कॉन्सिनने राज्य झाल्यानंतर वर्षभरातच, 1849 साली, काउंटीच्या अधिकाऱ्यांनी आपली दप्तरे लोकांना तपासण्यासाठी खुली ठेवावीत असा कायदा केला; फ्लोरिडाने 1909 साली सार्वजनिक नोंदी पाहण्याचा हक्क कायद्यात घातला. संघराज्याचा 1966 चा माहिती स्वातंत्र्य कायदा अधिक प्रसिद्ध असला, तरी तो केवळ केंद्रीय खात्यांना लागू असल्यामुळे काउंटीच्या शेरीफकडे नोंद मागताना त्या त्या राज्याचाच कायदा पुढे करावा लागतो. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली मिलवॉकीच्या पोलीसप्रमुखांविरुद्ध एका वृत्तपत्र संस्थेने आणलेल्या खटल्यात, पकडलेल्याच्या नावासोबत त्याच्यावरील आरोपही उघड केला पाहिजे असा निर्णय दिला. अटकेचा अधिकार हा शासनाच्या हातातील अत्यंत कठोर अधिकार असल्यामुळे तो कसा वापरला जातो हे लोकांना दिसले पाहिजे, हे या निर्णयामागील तत्त्व होते.

ग्रामीण काउंटीत ही पारदर्शकता बराच काळ स्थानिक साप्ताहिकांनी सांभाळली. त्यांचे वार्ताहर शेरीफच्या कचेरीत जाऊन आठवड्याच्या अटका उतरवून आणत. तरीही दुसऱ्या काउंटीतील माणसाला ती माहिती मिळवायची तर प्रवास करून, मोठमोठ्या वह्या चाळाव्या लागत. 1924 साली केंद्रीय तपास संस्थेने बोटांच्या ठशांचा राष्ट्रीय विभाग उघडला आणि 1967 साली संगणकावर चालणारे राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्र सुरू झाले, तेव्हापासून विखुरलेल्या नोंदी एकत्र येऊ लागल्या. 1976 साली केंटकीतील एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, दुकानातील चोरीच्या आरोपावरून पकडलेल्या पण दोषी न ठरलेल्या माणसाचे छायाचित्र पोलिसांनी व्यापाऱ्यांत वाटले, तरी त्याच्या घटनात्मक हक्कांचा भंग होत नाही असे म्हटले. 1989 साली त्याच न्यायालयाने वेगळा धागा पकडला: निरनिराळ्या न्यायालयांत आणि काउंट्यांत विखुरलेली नोंद आणि तिचा एका ठिकाणी तयार केलेला संकलित गोषवारा यांत मोठा फरक आहे, असे सांगून केंद्रीय यंत्रणेकडील असा गोषवारा देण्यास त्याने नकार दिला. अंतर, धूळ आणि कष्ट यांनी माणसाला जी अनामिकता मिळवून दिली होती, ती त्याचे संरक्षण करीत होती, हे या निकालाने प्रथमच स्पष्टपणे ओळखले.

इंटरनेटने हे संरक्षण काढून घेतले. शेरीफच्या कचेऱ्या तुरुंगातील बंद्यांची यादी छायाचित्रांसह रोज प्रसिद्ध करू लागल्या, आणि 2010 च्या सुमारास ती छायाचित्रे उचलून ती काढून टाकण्यासाठी पैसे मागणारे धंदे उभे राहिले. आरोप मागे घेतला गेला तरी चेहरा जगापुढे राहिला, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या लहान गावांत त्याची किंमत नोकरीत, भाड्याच्या घरात आणि सोयरिकीत मोजावी लागली. जॉर्जियाने 2013 साली, दोषी न ठरलेल्यांची छायाचित्रे मागणी येताच विनामूल्य काढण्याचे बंधन घातले. पेनसिल्व्हेनियाने 2018 साली ठरावीक नोंदी आपोआप झाकण्याची तरतूद करणारा देशातील पहिला कायदा केला.

आज अशी नोंद शोधणाऱ्याने प्रथम अटक कोणी केली हे पाहावे लागते, कारण एकाच काउंटीत शेरीफ, गावचे पोलीस, राज्याचे पोलीस आणि काही ठिकाणी आदिवासी राष्ट्रांचे पोलीस कार्यरत असतात. तुरुंगातील चालू यादी शेरीफकडे, खटल्याची कागदपत्रे न्यायालयाच्या लिपिकाकडे आणि जुन्या वह्या बहुधा राज्याच्या अभिलेखागारात मिळतात. अल्पवयीनांच्या व न्यायालयाने झाकलेल्या नोंदी मात्र सर्वसाधारणपणे खुल्या नसतात. या क्रमात लिपिकाची वही वगळणे हा संशोधकाचाही आणि नोकरी देणाऱ्याचाही सर्वांत गंभीर अपराध आहे, कारण अटक म्हणजे केवळ संशय होय आणि दोष सिद्ध होणे ही त्यापुढची, अनेकदा कधीच न येणारी पायरी होय.

भारतात 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 2008 च्या दुरुस्तीने घातलेल्या तरतुदीत जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरील फलकावर अटक झालेल्याच्या नावाबरोबर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दाही लावण्यास सांगितले होते, आणि अमेरिकी काउंट्यांच्या जवळजवळ चार शतकांच्या अनुभवाचे सार नेमके तेच आहे. अटकेची वही लोकांसाठी उघडली गेली ती पकडणाऱ्यावर नजर राहावी म्हणून. तिचा उपयोग केवळ पकडल्या गेलेल्यावर नजर ठेवण्यासाठी होऊ लागला, तर वही उघडी राहते, पण ती उघडण्यामागचा न्याय हरवतो. म्हणून तिचा खुलेपणा टिकवणे आणि प्रत्येक अटकेशेजारी तिचा निकाल लिहिला जाईल याची खात्री करणे, ही दोन्ही कर्तव्ये समाजाने एकत्रच पार पाडली पाहिजेत.