सातबारा डाउनलोड केला, पण मोबाइलमध्ये सापडत नाही? हे करून पाहा

पीक विम्याचा अर्ज भरायला रांगेत उभं राहायचं आणि नंबर आला की सातबाराच सापडत नाही, असं अनेकांचं होतं. फाइल बहुधा मोबाइलमध्येच असते, आपण चुकीच्या जागी शोधतो.

फाइल कुठे असते?
सातबारा हा फोटो नाही, पीडीएफ आहे. म्हणून तो गॅलरीत दिसत नाही. 'फाइल्स' अ‍ॅप उघडून 'डाउनलोड्स'मध्ये बघा. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबूनही 'डाउनलोड्स' मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल असेल तर त्या चॅटच्या वरच्या नावावर दाबा आणि 'डॉक्स'मध्ये शोधा.

सापडली, पण उघडत नाही?
रेंज गेली की फाइल अर्धवट उतरते. ती काढून टाका आणि पुन्हा डाउनलोड करा. मोबाइलमध्ये जागा शिल्लक आहे का, तेही बघा. पीडीएफ उघडणारं अ‍ॅप नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या.

ई-आधार पासवर्ड मागतंय?
आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मसाल टाका. नाव सुरेश, जन्म १९९० असेल तर एस, यू, आर, ई आणि १९९०, मध्ये जागा न सोडता. आकडेही इंग्रजीच हवेत.

सावधान!
योजनेच्या नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती उघडूच नका. तो कागद नाही, अ‍ॅप असतं. त्यातून बँक खातं रिकामं होऊ शकतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.