उपासनामंदिरे फार, उपासक थोडे : चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पुनर्रचनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी

धर्मसंस्थांचा इतिहास लिहिणारांचे लक्ष स्वाभाविकपणेच त्यांच्या उदयाकडे व विस्ताराकडे अधिक वेधले जाते. उतरती कळा लागलेली संस्था आपले उरलेले माणूसबळ व द्रव्यबळ कसे मोजते, काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे हे कोणत्या निकषावर ठरविते, हा विषय बहुधा हिशेबतपासनिसांकडे सोपविला जातो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चचे उदाहरण या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. १९५६ च्या सुमारास या चर्चच्या पटावर सुमारे १३ लक्ष २० हजार प्रौढ सभासद होते. २०२३ च्या अखेरीस ही संख्या २ लक्ष ६० हजारांच्या आत आली होती. २००१ च्या शिरगणतीत स्कॉटलंडच्या शेकडा ४२ लोकांनी आपण या चर्चचे असल्याचे नोंदविले. २०२२ च्या शिरगणतीत हे प्रमाण शेकडा २० वर आले, आणि आपला कोणताच धर्म नाही असे सांगणारे निम्म्याहून अधिक निघाले. राहिलेल्या सभासदांचे सरासरी वय साठीच्या पुढे गेलेले आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना ‘लोकांची श्रद्धा गेली, म्हणून देवळे ओस पडली’ असे एक सोपे समीकरण मांडण्यात येते. ते सर्वस्वी खोटे नाही; परंतु त्यात कालक्रमाची एक मोठी गफलत आहे. स्कॉटलंडमध्ये उपासकांच्या मानाने उपासनामंदिरे जास्त झाली ती श्रद्धेच्या ओहोटीत नव्हे, तर भरतीच्या काळात. आज वृद्ध मंडळींच्या माथी जे ओझे आहे त्याचा पाया १८४३ साली घातला गेला.

त्या वर्षी, १८ मे रोजी, एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये भरलेल्या जनरल असेंब्लीतून धर्मोपदेशकांचा एक मोठा गट उठून बाहेर पडला आणि मिरवणुकीने टॅनफील्ड येथील सभागृहात जाऊन त्याने फ्री चर्चची स्थापना केली. वादाचे मूळ १७१२ च्या कायद्यात होते. मंडळीचा पाळक कोण असावा हे ठरविण्याचा हक्क या कायद्याने जमीनदार आश्रयदात्यांना दिलेला होता. (हा कायदा अखेर १८७४ साली रद्द झाला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.) सुमारे १,२०० धर्मोपदेशकांपैकी ४७४ जणांनी आपल्या वृत्तीचा, राहत्या घराचा व उपासनामंदिराचा त्याग केला. तत्त्वासाठी एवढा ऐहिक त्याग एकाच दिवशी करणारा धर्मोपदेशकांचा समुदाय युरोपच्या एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

मात्र या त्यागाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नव्या चर्चने आपण एक पंथ नसून स्कॉटलंडचे खरे राष्ट्रीय चर्च आहोत अशी भूमिका घेतली. त्यामुळे देशाच्या प्रत्येक भागात आपली मंडळी, आपला पाळक आणि आपले मंदिर असणे त्याला अपरिहार्य वाटले. चार-पाच वर्षांत त्याने सातशेंच्या घरात मंदिरे उभारली. जेथे जमीनदारांनी जागा नाकारली तेथे लोक उघड्या माळावर, समुद्रकाठच्या वाळूवर उपासनेस जमत. स्ट्राँशियन येथे तर १८४६ मध्ये क्लाइड नदीवर बांधलेले एक लोखंडी तरंगते मंदिर आणून सूनार्ट खाडीत नांगरण्यात आले. शंभर माणसांमागे ते इंचभर पाण्यात बुडे व त्यावरून उपस्थितीचा अंदाज बांधता येई, अशी आख्यायिका आहे. मोजणीची ही पद्धत पुढील काळात लाभली असती, तर हे मंदिर वर्षानुवर्षे वर वर येताना दिसले असते.

या सर्व उभारणीमागची आर्थिक योजना टॉमस चामर्स यांची. गरीब मंडळीला स्वतःच्या वर्गणीवर पाळक पोसणे शक्य नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी एक मध्यवर्ती निर्वाहनिधी काढला. सर्व मंडळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यात भर घालावी आणि त्यातून प्रत्येक पाळकास समान वाटा मिळावा, अशी त्याची रचना होती. एडिंबरो व ग्लासगोच्या धनिक मंडळ्यांच्या पैशावर डोंगराळ उत्तरेतील पाळक जगत. ही योजना न्याय्य होती यात शंका नाही, आणि दीर्घकाळ ती यशस्वीही झाली. पण तिचा एक परिणाम असा की, स्थानिक मंडळी किती लहान झाली म्हणजे ती स्वतंत्र राहू नये, हा प्रश्न विचारण्याची निकड स्थानिक पातळीवर कधी भासलीच नाही.

या फुटीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. मुंबईतील जॉन विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चला मिळाले. परिणामी, त्यांच्या शिक्षणसंस्थेकरिता त्याच सुमारास उभी राहत असलेली इमारत त्यांना जुन्या चर्चच्या स्वाधीन करावी लागली, आणि एकाच शहरात दोन स्कॉटिश मिशने निराळ्या शाळा चालवू लागली. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरास पोहोचले ते फ्री चर्चचेच मिशनरी म्हणून. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पद्मनजी हेही काही काळ पुण्यातील फ्री चर्चचे पाळक होते. एडिंबरोतील आश्रयदात्यांच्या हक्काशी कोकणातल्या वा वऱ्हाडातल्या ख्रिस्ती माणसाचा काडीचाही संबंध नव्हता, तरी त्या भांडणाची वाटणी त्याच्याही वाट्याला आली.

१८४७ मध्ये जुन्या फुटीर गटांच्या एकीकरणातून युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च अस्तित्वात आले, आणि स्कॉटलंडच्या बहुतेक गावांत एकाच श्रद्धेची, एकाच शासनपद्धतीची आणि जवळजवळ एकाच उपासनाविधीची तीन मंदिरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी राहिली. प्रत्येकात आसने एवढी की, गावातील सारे उपासक त्यांपैकी एकदोहोंतच मावावेत. त्याच वेळी खेड्यांतील लोक शहरांकडे व वसाहतींकडे जात होते. रॉबिन गिल यांनी ‘द मिथ ऑफ द एम्प्टी चर्च’ या १९९३ च्या ग्रंथात प्रामुख्याने इंग्लंडमधील पुराव्याच्या आधारे असा सिद्धांत मांडला की, पंथांच्या चढाओढीने मंदिरे रिकामी केली आणि रिकाम्या मंदिरांनी पुढे उपासकांना परतविले. अर्धे रिकामे सभागृह, न फिटलेले कर्ज आणि सतत पुढे येणारी वर्गणीची थाळी यांनी नव्या माणसाच्या मनावर अपयशाचाच ठसा उमटतो. स्कॉटलंडला हा सिद्धांत जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल. येथे सभासदसंख्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. परंतु इमारतींच्या बाबतीत त्याचे निदान अचूक म्हटले पाहिजे.

ऐक्याने ही चूक दुरुस्त होईल असे अनेकांस वाटले. १९०० मध्ये फ्री चर्च व युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च एक झाले. त्या ऐक्याबाहेर राहिलेल्या मूठभर अल्पमताने मालमत्तेवर दावा लावला आणि १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल त्या अल्पमताच्या बाजूने दिला. शेकडो मंदिरे व लाखो पौंडांचे निधी एका रात्रीत मूठभर लोकांचे झाले. अखेर १९०५ मध्ये पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करून त्यांची वाटणी करावी लागली. या प्रसंगापासून स्कॉटिश चर्चधुरिणांनी मालमत्तेबाबत कमालीची सावधगिरी बाळगली. २ ऑक्टोबर १९२९ रोजी मुख्य ऐक्य घडून आले, तेव्हा वाटाघाटी सुरळीत पार पडल्या खऱ्या, पण मंदिरे सगळीच्या सगळी राहिली. गावातील तीन प्रतिस्पर्धी मंडळ्या आता एकाच चर्चच्या तीन मंडळ्या झाल्या, एवढाच फरक. त्यांना एकत्र आणण्याचे काम ‘पुनर्रचना’ या सौम्य नावाखाली पुढील पिढ्यांवर टाकण्यात आले. आणि आजोबांनी दगड वाहून उभारलेले मंदिर नातवाने आपणहून बंद करावे, अशी अपेक्षा त्यामागे होती.

या ऐक्याची पूर्वअट म्हणून जो १९२५ चा कायदा झाला त्याच्या आर्थिक परिणामांकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. जुन्या व्यवस्थेत पाळकाचे वेतन जमिनीच्या उत्पन्नावरील दशांशातून येई, आणि ते धान्याच्या भावाशी जोडलेले असे. मंदिर व पाळकाचे घर यांच्या दुरुस्तीची जबाबदारी जमीनमालकांवर असे. १९२५ च्या कायद्याने दशांशाचे रूपांतर ठराविक रोख रकमेत करण्याचा मार्ग घातला आणि दुरुस्तीचा भार जमीनमालकांच्या शिरावरून उतरवून चर्चवर ठेवला. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या जनरल ट्रस्टी मंडळाकडे मालमत्तेचे स्वामित्व क्रमाने येत गेले. चर्च राज्यसत्तेपासून मुक्त झाले, हे खरेच. पण उत्पन्नाची बाजू स्थिर रकमेत गोठली आणि खर्चाची बाजू, म्हणजे दगड, स्लेट, शिसे व मजुरी, महागाईबरोबर चढत राहिली. विसाव्या शतकात नाण्याची किंमत जी घसरली तीत या स्थिर रकमेचे काय उरले असेल, हे सांगावयास नको. स्वातंत्र्याची ही किंमत त्या वेळी फारच थोड्यांनी मोजली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा वर्षे फसवी ठरली. शहरांच्या कडेला सरकारी घरांच्या नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. ‘टेल स्कॉटलंड’ ही चळवळ जोरात होती. १९५५ मध्ये बिली ग्रॅहम यांच्या ग्लासगोतील सभांना अलोट गर्दी लोटली. चर्चने नव्या वसाहतींत नवी मंदिरे बांधली, आणि ते कर्तव्यच होते. पण शहराच्या मध्यभागी ओस पडत चाललेली जुनी मंदिरे त्या प्रमाणात कमी झाली नाहीत. पुढल्याच वर्षी सभासदसंख्येने शिखर गाठले आणि उतार सुरू झाला.

या उताराचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. लोक रागाने चर्च सोडून गेले असे फारसे घडले नाही. घडले ते असे की, त्यांची मुले आलीच नाहीत. पटावरील नावे मृत्यूने कमी होत गेली आणि नवी नावे त्या मानाने चढली नाहीत. कॅलम ब्राउन यांनी २००१ च्या ‘द डेथ ऑफ ख्रिश्चन ब्रिटन’ या ग्रंथात या घटनेचे मूळ १९६० नंतरच्या दशकात, विशेषतः तरुण स्त्रियांनी धार्मिकतेशी जोडलेली आपली पारंपरिक ओळख सोडून देण्यात, शोधले आहे. चर्चने १९६६ मध्ये स्त्रियांना वडीलपद आणि १९६८ मध्ये पाळकपद खुले केले, हा योगायोग सूचक आहे : अधिकाराची दारे उघडली ती नेमकी त्याच वेळी, जेव्हा मुलांना रविवारच्या शाळेत आणणारी आई घराबाहेरच्या निराळ्या वाटेने जाऊ लागली होती. अशा रीतीने पिढ्यांची साखळी तुटलेल्या संस्थेत उतार प्रथम मंद दिसतो, आणि शेवटची भरगच्च पिढी ऐंशीच्या घरात पोहोचली म्हणजे एकदम तीव्र होतो. वर्गणी देणारे, हिशेब ठेवणारे, छप्पर गळते कोठे ते पाहणारे आणि आजाऱ्यांच्या भेटीस जाणारे, ही सारी माणसे तीच असतात. म्हणून मनुष्यबळ व द्रव्यबळ ही दोन्ही एकदमच संपतात.

मंडळ्या कमी करण्याची जी साधने चर्चने वापरली ती मुख्यतः दोन. पहिले जोडणीचे : एक पाळक दोन किंवा अधिक मंडळ्यांचा, पण प्रत्येकीचे वडीलमंडळ, हिशेब व मंदिर स्वतंत्र. दुसरे विलीनीकरणाचे : मंडळी एक, नाव नवे, आणि मंदिरांपैकी कोणते राखावयाचे त्याचा निर्णय करारातच. जोडणीत भांडण कमी होते, परंतु दगडमातीचा खर्च तसाच राहतो; म्हणून ती मंडळ्यांना प्रिय आणि मध्यवर्ती समित्यांना अप्रिय. विलीनीकरणात खर्च वाचतो, पण बंद झालेल्या मंदिरातील उपासकांचा बराच भाग दुसऱ्या मंदिरात जाताच घरी बसतो, असा अनुभव वारंवार आला. मंडळी म्हणजे माणसे, इमारत नव्हे, हे तत्त्व व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. आईवडिलांचे विवाह व प्रेतसंस्कार जेथे झाले ती जागा सोडताना वृद्ध माणसाला ते पुरत नाही.

सोडलेल्या मंदिरांचे भवितव्य विविध झाले. एडिंबरोच्या हमरस्त्यावरील ट्रॉन कर्कमधील मंडळी १९५२ मध्येच नव्या वसाहतीत गेली. १८४० नंतरच्या दशकात बांधलेले, आणि फुटीनंतर जुन्या चर्चच्या जनरल असेंब्लीचे सभागृह म्हणूनही वापरलेले टॉलबूथचे उंच शिखराचे मंदिर १९९९ पासून संगीत-नाट्य महोत्सवाचे केंद्र आहे. मॉर्निंगसाइडच्या ज्या चौकात चार मंदिरे समोरासमोर असल्याने लोक त्यास ‘होली कॉर्नर’ म्हणतात, तेथील एक मंदिर एरिक लिडेल यांच्या नावाने समाजसेवेचे केंद्र झाले. ग्लासगोतील केल्व्हिनसाइडचे मंदिर २००४ पासून ‘ओरान मोर’ नावाचे मद्यगृह व नाट्यगृह आहे. शहरातील मंदिराला गिऱ्हाईक मिळते. खरा पेच दूरच्या बेटांवरील व दऱ्याखोऱ्यांतील मंदिरांचा आहे. तेथे मंदिर विकले तर गावात सार्वजनिक अशी दुसरी जागाच राहत नाही. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने ग्रामीण लोकसमूहांना मालमत्ता खरेदीत अग्रहक्क दिल्यापासून त्यांना एक नवा मार्ग मिळाला, परंतु छप्पर दुरुस्त करण्याचा खर्च त्या मार्गावरही चुकत नाही.

२०२१ मध्ये जनरल असेंब्लीने प्रत्येक प्रेस्बिटरीस आपापल्या क्षेत्राची योजना करण्याचा कायदा केला. सर्व मंदिरे दोन वर्गांत टाकावयाची होती : राखावयाची आणि ठराविक मुदतीत सोडावयाची. पाळकांच्या व अन्य सेवकांच्या पदांची मर्यादा सुमारे ६०० पूर्णवेळ पदे अशी ठरविण्यात आली. या योजनेवर टीका पुष्कळ झाली. निर्णय वरून लादला गेला, शेजारच्या मंडळ्या पुन्हा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी बनल्या, असा तिचा सूर होता. टीकेत तथ्य आहे. मात्र १९२९ मध्ये पुढे ढकललेला हिशेब जवळपास शंभर वर्षांनी वृद्धांना चुकवावा लागत आहे, हे टीकाकारांनी विसरता कामा नये.

याहून कठीण प्रश्न कायद्याच्या भाषेचा आहे. १९२१ च्या कायद्याशी जोडलेल्या घोषणापर कलमांपैकी तिसऱ्या कलमात, स्कॉटलंडच्या प्रत्येक परगण्यातील लोकांपर्यंत प्रादेशिक पाळकव्यवस्थेद्वारे धर्मसेवा पोहोचविणे हे चर्चचे विशेष कर्तव्य म्हणून नमूद आहे. हेच चामर्स यांचे स्वप्न. ग्लासगोच्या सेंट जॉन्स परगण्यात १८१९ पासून आणि पुढे एडिंबरोच्या वेस्ट पोर्ट वस्तीत त्यांनी जे प्रयोग केले त्यांचे सूत्र हेच. २०१० मध्ये असेंब्लीने, साधने आटत असतानाही, या कलमाशी आपली बांधिलकी पुन्हा जाहीर केली. सहाशे पदांत संपूर्ण देश व्यापणे शक्य असेल तर ते परगण्याची व्याख्या अतिशय ताणूनच. आणि ते अशक्य असेल तर कलम बदलणे भाग आहे. तसा बदल करावयाचा तर लागोपाठ दोन वर्षे किमान दोनतृतीयांश प्रेस्बिटऱ्यांची संमती लागते. ही अट घातली गेली तेव्हा प्रेस्बिटऱ्या पुष्कळ व लहान होत्या. नव्या योजनेत त्यांचेही विलीनीकरण होऊन त्या थोड्या व विस्तीर्ण झाल्या आहेत. त्यामुळे या बहुमताचा अर्थही आता १९२१ चा राहिलेला नाही.