आंग्रियाचं जपानी कूळ

बेळगावकर गोव्याला निघाला की जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाला लागतो. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र जिथे एकमेकांना खेटतात, त्या घाटमाथ्यावरच्या रानात ‘वाइल्डरनेस्ट’ हे निसर्ग-पर्यटनाचं निवासस्थान आहे. ते उभारणारे कॅप्टन नितीन धोंड हे मूळचे दर्यावर्दी. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. आपल्या घाटाशी असं नातं असलेल्या या जहाजाचं कूळ मात्र निघतं जपानात.

जपानमधल्या शिमोनोसेकी इथल्या मित्सुबिशीच्या गोदीत १९९७ साली हे जहाज बांधून पूर्ण झालं. लांबी १३१ मीटर, रुंदी सतरा मीटरच्या आसपास. नाव ‘ओगासावारा मारू’, मालक ‘ओगासावारा काइउन’ ही कंपनी. त्याच नावाचं आधीचं जहाज १९७९पासून चालत होतं, त्याची जागा याने घेतली.

ओगासावारा ही टोकियोच्या दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटरवरची बेटं. तिथे विमानतळ नाही. चिचिजिमा या मुख्य बेटावर माणसांना जायचं तर हीच बोट, तीही साधारण आठवड्यातून एकदा. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून सुटली की साडेपंचवीस तासांनी पोचायची. टपाल यायचं ते हिच्यातून, दुकानांच्या फळ्या भरायच्या त्याही ही लागल्यावर. बाळंतपणासाठी बाया हिच्यातूनच टोकियोकडे जायच्या. स्वस्तातल्या वर्गात खाटा नव्हत्या. मोठ्या दालनात जमिनीवर अंथरुणं टाकून प्रवासी ओळीने झोपायचे. आपल्या कोकणबोटीच्या डेकवर वळकट्या सोडून पहुडलेली चाकरमानी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

बोट परत निघाली की बेटावरच्या लहान होड्या तिच्या दोन्ही अंगांनी धावत निघतात. हात हलवत बऱ्याच लांबपर्यंत येतात आणि शेवटी होड्यांवरची तरुण पोरं समुद्रात उड्या टाकून पाहुण्यांना निरोप देतात. ही प्रथा आजही आहे. एखाद्या जहाजाला गावाने इतका जीव लावावा, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

२०१६मध्ये त्याच नावाचं तिसरं, अधिक वेगवान जहाज आलं आणि हे निवृत्त झालं. पुढे ते ‘आंग्रिया सी ईगल’ या कंपनीकडे भारतात आलं. हजारावर माणसं नेणाऱ्या जहाजात आता शंभराहून थोड्या अधिक खोल्या आणि चारेकशे प्रवाशांची सोय झाली. उपाहारगृहं आली, पोहण्याचा तलाव आला. दुपारी मुंबई सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा गाठायचा, असा प्रवास. नाव कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून. विजयदुर्गसमोर खोल समुद्रात असलेलं प्रवाळांचं ‘आंग्रिया बँक’ हे पठारही त्याच नावाचं. नाव शोभलं. २०२०च्या टाळेबंदीने मात्र हा मार्ग बंद पडला.

आंग्रियाने किनाऱ्याचं वैभव लोकांना समुद्रावरून दाखवलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हे जहाज जन्माने गरजेचं होतं. गंमत म्हणून त्यात कुणी बसत नव्हतं. दुसरी वाटच नव्हती. इथे ते सहलीचं झालं आणि सहल ही लोक सर्वांत आधी रद्द करतात. कोकणबोटीचं तसं नव्हतं. गणपतीला, शिमग्याला तिच्याशिवाय घर गाठणं अवघड, म्हणून ती पिढ्यान्पिढ्या चालली.

आपला भागही समुद्राला पारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकात बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. माल आणि छावणीचं सामान आधी राम घाटातून, नंतर आंबोलीमार्गे तिथून चढ-उतार करायचं. १८८०च्या दशकात रेल्वे मुरगावला जोडली गेली आणि ती वर्दळ ओसरली. म्हणूनच कोकण किनाऱ्यावर प्रवासी बोटींचा विचार होतो, तेव्हा तो फक्त मुंबई आणि गोव्यापुरता राहू नये. नियमित फेरी, सामान्य माणसाला परवडेल असं भाडं आणि वेंगुर्ल्याला थांबा, एवढी मागणी बेळगाव-निपाणीकरांनीही कोकणवासीयांच्या बरोबरीने लावून धरावी.