बर्लिनची रात्र कोणी उघडी ठेवली?

आजचा विषय आहे टेक्नो संगीत. फौजेतून निवृत्त झालेला माणूस या धडधडाटावर काय बोलणार, असं काही जणांच्या मनात येईल. पण बर्लिनच्या टेक्नोचा इतिहास उघडला की पहिल्याच पानावर गणवेशातला माणूस भेटतो. त्याचं नाव फ्रँक हाउली, बर्लिनच्या अमेरिकन विभागाचा कमांडंट.

साल 1949. सोव्हिएत नाकेबंदी मे महिन्यात नुकतीच उठली होती. शहर चार विजेत्यांत वाटलेलं. पश्चिमेकडचे बार आणि खानावळी लवकर बंद व्हायच्या, सोव्हिएत विभागातल्या त्यानंतरही चालू राहायच्या. साहजिकच गिऱ्हाईक तिकडे, पैसाही तिकडे. हाइन्झ झेलरमायर नावाचा एक हॉटेलमालक हाउलींना जाऊन भेटला. सोबत व्हिस्कीची बाटली होती असं सांगतात. त्याचं म्हणणं असं, की आपण एक तास वाढवला तर पलीकडचे दोन वाढवतील. तेव्हा वेळेची मर्यादाच काढून टाका. जूनमध्ये ती निघाली. मधला कोविडचा काळ सोडला तर ती पुन्हा कधी खऱ्या अर्थानं लागू झाली नाही.

आपल्याकडचं घड्याळ आठवून बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट, म्हणून गणपतीत पोलीस मनगटाकडे बघत उभे असतात. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर ट्रान्स संगीत रुजलं, त्याच्या उघड्यावरच्या रात्रीही याच दहाच्या काट्याला अडकल्या. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. शेजारी झोपलेल्या म्हाताऱ्यालाही हक्क असतो. पण शासकीय कागदावरची एक ओळ संगीताचं नशीब कसं ठरवते, ते लक्षात घ्या.

दुसरी गोष्टही लष्करीच. पश्चिम जर्मनीत तरुणांना सक्तीची सैन्यसेवा होती. पश्चिम बर्लिन मात्र दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात, तिथे जर्मन सैन्याचा कायदा चालत नव्हता. मग ज्याला बंदूक उचलायची नाही तो बर्लिनला मुक्काम हलवायचा. त्यांत विद्यार्थी होते, चित्रकार होते, वाद्यं घेऊन फिरणारी पोरं होती. मी उमेदीची सगळी वर्षं गणवेशात काढली, त्यामुळे या मंडळींबद्दल फार प्रेम वाटावं अशी अपेक्षा करू नका. तरी शहराला जे रूप आलं त्यात त्यांचा वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

9 नोव्हेंबर 1989 ला भिंत उघडली. पूर्व बर्लिनमधले कारखाने, गोदामं, वीजकेंद्रं, निवासी इमारती रिकाम्या पडल्या. मालक कोण? काही मालमत्ता नाझींनी ज्यूंकडून हिसकावलेली, काही नंतर कम्युनिस्ट सरकारनं घेतलेली. आता जुन्या मालकांचे वारस दावे लावणार, कोर्टकचेऱ्या होणार. सात-बारा कोणाच्या नावावर हे कळेपर्यंत जागा मोकळ्या. या गोंधळाच्या फटीत टेक्नो शिरलं.

भिंतीच्या पट्ट्याला लागून, लाइपत्सिगर रस्त्यावर एकेकाळी वेर्टहाइम नावाचं प्रचंड मोठं दुकान होतं. वेर्टहाइम हे ज्यू वंशाचं घराणं. नाझी काळात त्यांच्या हातून ते गेलं. युद्धात इमारत उद्ध्वस्त झाली, पुढे पाडली गेली, पण जमिनीखालची तिजोरीची दालनं शाबूत राहिली. डिमित्री हेगेमान आणि त्याच्या साथीदारांना ती सापडली. मार्च 1991 मध्ये तिथे क्लब सुरू झाला. नाव ‘ट्रेझोर’, म्हणजेच तिजोरी. गंजलेले लॉकर, लोखंडी गज, भिंतींना ओल. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची पोरं तिथे एकाच अंधारात नाचली. दोन्ही जर्मनींचं सरकारी एकीकरण 3 ऑक्टोबर 1990 ला झालं होतं, पण पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा या तळघरांत ते जास्त खरं होतं असं माझं मत आहे.

फौजी डोळ्याला सगळ्यात जास्त खिळवते ती राइनहार्ट रस्त्यावरची इमारत. 1943 साली हवाई हल्ल्यांपासून आसरा म्हणून बांधलेला काँक्रीटचा बंकर, जमिनीवर उभा, जाडजूड भिंतींचा. युद्धानंतर लाल सैन्यानं तिथे कैदी ठेवले. पूर्व जर्मनीच्या काळात क्यूबातून आलेली फळं तिथे साठवली जात, त्यावरून लोक त्याला केळ्यांचा बंकर म्हणत. 1992 मध्ये तिथे अतिशय कर्कश टेक्नोचा क्लब आला, 1996 मध्ये बंद झाला, आणि आज आत एका संग्राहकाची चित्रं-शिल्पं आहेत. बॉम्बचा आवाज आत येऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतींनी ढोलांचा आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

हे संगीत मात्र बर्लिनमध्ये जन्मलेलं नव्हे. ते अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या त्या शहरात हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी यंत्रांवर ते घडवलं. ट्रेझोरनं 1991 मध्ये आपली रेकॉर्ड कंपनी काढली, तिची पहिली तबकडीही डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटाचीच. मोकळ्या जागा बर्लिनकडे होत्या, सूर डेट्रॉइटकडे. नाव मात्र जास्त झालं ते बर्लिनचं.

जुलै 1989 मध्ये, म्हणजे भिंत असतानाच, ‘लव्ह परेड’ निघाली होती. जेमतेम दीडशे माणसं, आणि परवाना राजकीय मोर्चाचा! मोर्चा म्हटल्यावर रस्ता झाडायचा खर्च सरकारचा. दहा वर्षांनी त्यात दहा लाखांहून जास्त लोक येऊ लागले, प्रायोजक आले, आणि 2001 मध्ये घटनात्मक न्यायालयानं हा मोर्चा नव्हे असं ठरवलं. पुढे परेड बर्लिनबाहेर गेली. 24 जुलै 2010 रोजी डुइसबुर्गमध्ये आत-बाहेर जाणारा जमाव बोगद्यांतून एकाच उतारावर आणून सोडला गेला. चेंगराचेंगरीत 21 जण मेले. गर्दी हाताळलेला कोणताही सुभेदार नकाशा बघून सांगेल, की येणारा लोंढा आणि जाणारा लोंढा समोरासमोर आणू नये. खटला 2020 मध्ये निकालाविनाच संपला. मेलेल्यांच्या आईबापांना उत्तर मिळालं नाही. परेड त्यानंतर कायमची बंद झाली.

इकडे बर्लिनमध्ये फट बुजत गेली. दावे निकाली निघाले, जमिनीला भाव आला. ट्रेझोर 2005 मध्ये बंद पडला. 2007 मध्ये तो एका जुन्या वीजकेंद्रात पुन्हा उघडला. सरकार आता या संगीताला मान देतं. 2016 मध्ये एका न्यायालयानं ‘बर्गहाइन’ या क्लबच्या रात्रींना सांस्कृतिक कार्यक्रम मानलं, म्हणजे 19 टक्क्यांऐवजी 7 टक्के कर. मार्च 2024 मध्ये बर्लिनचं टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री नदीकाठचा ‘वॉटरगेट’ क्लब, बावीस वर्षं चालून, बंद झाला. अशा बंद पडण्याला जर्मन भाषेत एक खास शब्दच रूढ झाला आहे, त्याचा अर्थ ‘क्लबांचं मरण’. वारशाच्या यादीत नाव आलं म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही.

आणि वेर्टहाइमच्या त्या जागेवर 2014 पासून ‘मॉल ऑफ बर्लिन’ उभा आहे. पुन्हा दुकानंच.