बीडीएस की फार्मसी? बारावीनंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं एका डॉक्टरचं उत्तर

नीटचा निकाल लागला की माझ्या ओपीडीत एक वेगळाच प्रश्न सुरू होतो. बीपी तपासून झालेलं असतं, गोळ्या लिहून झालेल्या असतात, आणि उठता उठता वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरीचा एमबीबीएसला नंबर लागत नाही. बीडीएस करू देऊ की फार्मसी?" पोरगी शेजारी उभी असते, पण बोलत नाही. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कुठूनही आलेले असोत, प्रश्न जवळपास याच शब्दांत येतो. म्हणून उत्तर एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज दूर करू. या दोन वाटा म्हणजे 'डॉक्टरकीच्या खालची पहिली पायरी आणि दुसरी पायरी' नव्हेत. दोन्ही स्वतंत्र व्यवसाय आहेत. भारतात दोघांचे कायदेही १९४८ च्या मार्च महिन्यातच झाले: आधी फार्मसी कायदा, मग दंतवैद्यक कायदा. दोघांचीही राज्य परिषदेकडे नोंदणी व्हावी लागते आणि नोंदणीशिवाय काम करणं गुन्हा आहे.

रोजचं काम कसं असतं?

दाताचा डॉक्टर हातानं काम करतो. दिवसभर खुर्चीशेजारी बसून, मान वाकवून, एका लहानशा जागेत बारीक काम. रूट कॅनाल, दात काढणं, कवळी, लहान मुलांच्या किडलेल्या दाढा. शिवाय आपल्या विदर्भात एक काम फार आहे, ते म्हणजे खर्रा खाणाऱ्यांची तोंडं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू, सुपारी आणि चुना घोटलेला खर्रा गावोगावी चालतो. सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर समजावं की हे सुरू झालं आहे. तोंडाच्या कर्करोगाचा पांढरा किंवा लाल चट्टा पुष्कळदा सगळ्यात आधी दंतवैद्यालाच दिसतो. तो वेळेत ओळखला गेला तर माणूस वाचतो. बीडीएस म्हणजे 'फक्त दात' असं कुणी म्हणालं की मला हे रुग्ण आठवतात.

फार्मासिस्टचं काम औषधाचं ज्ञान आणि सावधगिरी यांचं आहे. गावाकडचा माणूस दाढ दुखली तर आधी मेडिकलवरच जातो. "एक दुखायची गोळी द्या, स्ट्राँग." त्या माणसाला किडनीचा त्रास आहे का, पोटात अल्सर आहे का, रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे का, हे काउंटरवर उभा असलेला माणूस विचारतो की नाही, यावर बरंच काही ठरतं. चांगला फार्मासिस्ट विचारतो, आणि अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या सुट्या मागितल्या तर चिठ्ठी मागतो. २०१४ पासून लागू असलेल्या शेड्यूल एच-१ प्रमाणे अनेक अँटिबायोटिकांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवून ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. माझ्या चिठ्ठीतली डोसाची चूक एका फार्मासिस्टनं फोन करून दाखवली होती. रुग्ण म्हातारा होता, किडनी नाजूक होती. त्या फोनबद्दल मी आजही त्याचा आभारी आहे.

फार्मसी म्हणजे केवळ दुकानही नव्हे. औषध कंपनीत उत्पादन आणि गुणवत्ता तपासणी, रुग्णालयाची औषध विभागणी, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषध निर्माण अधिकारी, लोकसेवा आयोगातून होणारा औषध निरीक्षक, अशी पदं आहेत. सरकारी जागा मात्र निघतील तेव्हाच निघतात. त्यांच्या भरवशावर घरचा हिशोब मांडू नका.

प्रवेश, वर्षं आणि पैसा

बीडीएसला नीट लागते. चार वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. आपल्याकडून सरकारी दंत महाविद्यालय गाठायचं तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. वाशिमला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पण त्यात बीडीएस शिकवत नाहीत. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात शेवटी एक देशव्यापी परीक्षा घेण्याची तरतूद आहे, तीही ध्यानात असू द्या.

फार्मसीत तीन दारं आहेत. डी.फार्म दोन वर्षांचं, बारावीच्या गुणांवर, त्यानंतर मेडिकलमध्ये किंवा रुग्णालयात किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म चार वर्षांचं, त्याला एमएचटी-सीईटी. डी.फार्म झालेल्याला बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, ही सोय गरीब घरातल्या मुलांना फार उपयोगाची आहे, कारण दोन वर्षांत हाताला काम लागतं आणि पुढची वाटही बंद होत नाही. तिसरं फार्म.डी, सहा वर्षांचं, रुग्णालयातल्या कामाकडे झुकलेलं. डी.फार्मसाठी २०२२ मध्ये एक्झिट परीक्षेचे नियम आले आहेत. ती उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी, असा त्यांचा गाभा आहे.

इथे दरवर्षी एक चूक बघतो. मूल नीटच्या मागे लागतं आणि सीईटीचा फॉर्मच भरत नाही. मे-जूनमध्ये कळतं की बी.फार्मचं दार बंद झालं. फॉर्म दोन्ही भरा. खर्च थोडा, पण वर्ष वाचतं.

बीडीएसचा खरा खर्च पदवीनंतर सुरू होतो. खुर्ची, कंप्रेसर, एक्स-रे आणि त्याची अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, ऑटोक्लेव्ह, जैव कचऱ्याची नोंदणी, गाळ्याचं भाडं. सगळं मिळून काही लाख होतात. शिवाय पहिली एक-दोन वर्षं रुग्ण कमी असतात. बहुतेक नवे दंतवैद्य आधी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम करतात आणि तसंच करावं. मेडिकल टाकायलाही अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज आणि माल भरायला भांडवल लागतं. मालाचा पैसा फिरता राहतो, खुर्चीचा अडकून पडतो, एवढा फरक.

मुलींच्या पालकांसाठी: ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही. हे माहीत नसल्यामुळे वावर गहाण टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. एकांचं बीपी त्या वर्षी काही केल्या उतरत नव्हतं. गोळी वाढवत गेलो, कारण नंतर कळलं.

फार्मसीच्या बाबतीत आणखी एक. कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि पास झाल्यावर 'सर्टिफिकेट दुकानाला लावू द्या, घरी बसून महिन्याला पैसे घ्या' असं कुणी सांगेल. ते करू नका. त्या दुकानातून चुकीचं औषध गेलं तर कागदावर नाव तुमच्या मुलाचं असतं.

तब्येतीचे प्रश्न

हे मला विचारलं जात नाही, पण मी सांगतो. रक्त पाहून चक्कर येते म्हणून बीडीएस सोडू नका. सवयीनं बहुतेकांचं ते जातं. हात थरथरत असतील तर आधी थायरॉइड तपासा, आणि चहा किती होतो तेही बघा. रंगांधळेपणा मुलांमध्ये जास्त असतो आणि घरात कुणाला कळलेला नसतो. दाताची छटा जुळवताना त्याची अडचण येते, फार्मसीच्या प्रयोगशाळेतही रंग बदलण्यावर बेतलेले प्रयोग असतात. प्रवेशाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती साधी तपासणी करून घ्या.

दंतवैद्यांना मान आणि कंबर त्रास देते. ज्याला आत्ताच पाठीचं दुखणं आहे त्यानं हे लक्षात घ्यावं. सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पहिल्या वर्षीच पूर्ण करा आणि तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. मेडिकल चालवणाऱ्याला सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहावं लागतं. पायाच्या फुगलेल्या शिरा, अवेळी जेवण आणि त्यातून वाढणारी साखर, हे माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांचे नेहमीचे आजार.

मग मी काय सांगतो?

मुलाला हातानं बारीक काम आवडतं का? अनोळखी माणसाशी, त्याच्या भीतीशी जुळवून घेता येतं का? आणि घराला पदवीनंतरही तीन-चार वर्षं थांबता येईल का? तिन्हींना हो असेल तर बीडीएस. रसायनशास्त्र आवडत असेल, लवकर कमावणं गरजेचं असेल किंवा कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायची तयारी असेल तर फार्मसी. नीटसाठी तिसऱ्यांदा 'ड्रॉप' घ्यायचा विचार असेल तर मी शक्यतो नको म्हणतो. दुसऱ्या ड्रॉपमध्ये डोकेदुखी, झोप न येणं, जेवण सुटणं घेऊन आलेली मुलं मी तपासली आहेत, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात.

मूल गप्प झालं असेल, खोलीतून बाहेर येत नसेल, 'माझ्यामुळे पैसे वाया गेले' असं म्हणत असेल, तर कोर्सची चर्चा त्या दिवसापुरती थांबवा. त्याला एकटं ठेवू नका आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा करत असेल तर वाट न बघता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात घेऊन या. आणि माझ्याकडे कोर्सचं विचारायला याल तेव्हा मुलाला दोन मिनिटं माझ्याशी एकट्यानं बोलू द्या.